हापसा कुठे बसवायचा

1972 च्या दुष्काळात जामखेड तालुक्यातल्या विहिरींनी तळ गाठला होता. अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आग्नेय टोकाला बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबादच्या सीमेला लागून असलेला हा कोरडवाहू मुलूख. दोनच वर्षांपूर्वी तिथे येऊन राहिलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने गावोगावी विंधनविहिरी घेऊन हापसे बसवण्याचे काम हाती घेतले. पाणी कुठे लागेल हे खडक ठरवतो, तरी जागा निवडण्याला थोडी मोकळीक असते. ती मोकळीक आरोळे यांनी एका बाजूने वापरली. हापसे दलित वस्तीत बसवले. गावठाणातल्या विहिरीला ज्यांच्या घागरीचा स्पर्श चालत नव्हता त्यांच्या दारात पाणी आले, आणि घागर घेऊन चालत जायची पाळी बाकीच्या गावावर आली. त्यासाठी भाषण झाले नाही, मोर्चा निघाला नाही, कुणाचा पाणउताराही झाला नाही. दुष्काळात तहान जातीपेक्षा मोठी ठरली आणि शेकडो वर्षे जी पावले त्या वस्तीकडे वळली नव्हती ती रोज सकाळ-संध्याकाळ वळू लागली.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांनी केलेल्या कामांत याहून अधिक ख्रिस्ती कृती मला माहीत नाही. शब्द तोलून हे लिहीत आहे. त्या हापशावर क्रूस कोरलेला नव्हता, पाण्याच्या बदल्यात कुणाला प्रार्थनेला बसवले जात नव्हते. म्हणून कुणी म्हणेल की हे समाजकार्य झाले, यात श्रद्धा कुठे आली? ती कुठे आली, हेच मला सांगायचे आहे.

श्रद्धा मनापासून जगायची म्हणजे काय, याची दोन उत्तरे आपल्या मंडळ्यांत रूढ आहेत. पहिले असे की उपासना चुकवू नये, दशांश द्यावा, पवित्र शास्त्र वाचावे, घर नीतीने चालवावे आणि जगाचे जे व्हायचे ते परमेश्वरावर सोपवावे. दुसरे असे की गरिबाला मदत करावी, शाळा आणि दवाखाने चालवावेत आणि त्या मदतीतून माणसे प्रभूकडे वळावीत. ही दोन्ही उत्तरे प्रामाणिक माणसांनी दिलेली आहेत आणि दोन्हींतून काही चांगले निघालेले आहे. तरी पहिल्यात जग हातातून सुटते. दुसऱ्यात समोरचा माणूसच सुटतो, कारण त्याच्याकडे पाहताना नजर त्याच्या पलीकडे लागलेली असते. मला तिसरे उत्तर खरे वाटते. ज्याच्या हाती काही नाही त्याच्या हाती आपल्यामुळे काय आले आणि त्यासाठी आपण आपल्या हातातले काय सोडले, यावर आपली श्रद्धा मोजली जावी. अन्न, औषध, पैसा देणे त्यात येतेच. पण ज्ञान, निर्णय आणि मान देणे याहून कितीतरी कठीण असते, आणि मन पूर्ण ओतले आहे की नाही हे तिथे कळते.

आरोळे दांपत्याची वाट या उत्तराकडे सरळ गेली नाही. दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. 1960 मध्ये लग्न झाले, त्या दिवशीच दोघांनी खेड्यातल्या उपेक्षितांसाठी आयुष्य द्यायचा संकल्प केला, आणि मग नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम सुरू केले. इस्पितळ भरभरून चालले. रांगा लागत होत्या, शस्त्रक्रिया यशस्वी होत होत्या, लोक दुवा देत होते. एखाद्या ख्रिस्ती डॉक्टरने याहून अधिक काय मागावे? पण त्यांच्या लक्षात येऊ लागले की बरे होऊन गेलेली माणसे काही महिन्यांनी तेच दुखणे घेऊन परत येत आहेत. हगवण, कुपोषण, बाळंतपणातला धनुर्वात, क्षय. यातले बहुतेक आजार मुळात होऊच नयेत असे होते, आणि इस्पितळाच्या भिंतीच्या आत कितीही राबले तरी त्यांचे मूळ भिंतीबाहेरच राहणार होते.

चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. वाटेत लुटला गेलेला, अर्धमेला पडलेला प्रवासी, त्याला टाळून पुढे जाणारे याजक आणि लेवी, आणि परका असूनही त्याच्या जखमा बांधणारा, उतारशाळेचा खर्च देणारा तो शोमरोनी. मार्टिन ल्यूथर किंग यांनी या गोष्टीला पुढचा प्रश्न जोडला होता. जखमी माणसाला उचलणे ही सुरुवात आहे, पण यरीहोच्या ज्या रस्त्यावर रोज कुणीतरी लुटले जाते तो रस्ताच बदलायला नको का? वडाळ्याहून जामखेडला जाणे म्हणजे या प्रश्नाला दिलेले उत्तर होते. त्याआधी दोघे अमेरिकेत जाऊन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आले. तिथे राहता आले असते. 1970 मध्ये ते जामखेडला आले आणि एका पडिक जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी काम सुरू केले.

आल्यावर त्यांनी जे केले ते डॉक्टरला सहज सुचणारे नाही. त्यांनी गावांना विचारले की तुम्हाला काय हवे. गावांनी दवाखाना मागितला नाही. पाणी मागितले, अन्न मागितले. दोन निष्णात डॉक्टर मग हापसे बसवू लागले, बालकांसाठी अन्न शिजवण्याची व्यवस्था उभी करू लागले, शेतकऱ्यांची मंडळे काढून बांधबंदिस्ती आणि झाडे लावण्याच्या मागे लागले. तरुणांना एकत्र आणायला व्हॉलीबॉलचे खेळ भरवले, कारण मैदानावर जातीचे कोंडाळे करून उभे राहता येत नाही.

शुभवर्तमानात बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याचा प्रसंग आहे. तो रस्त्याकडेला बसून ओरडतो, लोक त्याला गप्प करतात, येशू त्याला जवळ बोलावतो आणि विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. प्रश्न वरवर निरर्थक वाटतो. आंधळ्याला दृष्टीच हवी असणार, हे कुणालाही दिसते. तरी तो विचारला गेला, कारण ज्याला आयुष्यभर फक्त गप्प बसवले गेले त्याला आधी आपल्या तोंडाने मागता आले पाहिजे. मदतीच्या नावाखाली आपण किती वेळा हा प्रश्न गाळून टाकतो! समितीत बसून गरिबाची गरज ठरवतो, त्याला न विचारता ती पुरवतो आणि तो कृतज्ञ दिसला नाही की खट्टू होतो. जामखेडला तो प्रश्न विचारला गेला आणि उत्तर गैरसोयीचे आले तरी ते मानले गेले.

पुढची पायरी याहून मोठी होती. गावागावात आरोग्यसेवा पोहोचवायला त्यांनी प्रथम प्रशिक्षित परिचारिका ठेवून पाहिल्या. ते निभले नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुलीला अनोळखी गावात एकटे राहणे सुरक्षित नव्हते, आणि गावातल्या बायाही परक्या मुलीचे ऐकत नव्हत्या. मग गावांतूनच सूचना आली की आमच्यातलीच बाई शिकवून तयार करा. गावांनी निवडलेल्या या बायका बहुतेक निरक्षर होत्या. कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी विधवा, पुष्कळशा दलित. ज्यांचे मत घरात कुणी विचारत नव्हते अशा बायका दर आठवड्याला जामखेडला येऊन मुक्काम करू लागल्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीला जेवल्या, शेजारी शेजारी झोपल्या. सुरुवातीला हे सोपे गेले नाही. पण गरोदर बाईची तपासणी कशी करायची, नाळ स्वच्छ पात्याने कशी कापायची, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, चट्ट्यावरची बधिरता पाहून कुष्ठरोग लवकर कसा ओळखायचा, हे शिकत असताना आपण काय होऊ शकतो याचीही त्यांना ओळख पटत गेली.

कुष्ठरोगाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. ख्रिस्ती सेवेचे आणि कुष्ठरोग्याचे नाते जुने आहे, आणि बऱ्याच काळ ते वेगळ्या वसाहतींचे नाते होते. प्रेमाने सांभाळलेल्या, पण वेगळ्याच. जामखेडने रुग्णाला त्याच्या घरात, त्याच्या माणसांत ठेवून उपचार केले. औषध देणारी बाई गावातली होती, तिने त्या घरातले पाणी प्यायले की शेजाऱ्यांना दुसरा पुरावा लागत नसे. येशूने कुष्ठरोग्याला बरे करून याजकाकडे दाखवायला पाठवले ते कशासाठी? समाजाने त्याला परत घ्यावे यासाठी. बरे होणे तिथे पूर्ण होते.

या बायकांपैकी मुक्ताबाई पोळ अमेरिकेत एका परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर आणि महाग, एका जागी टांगलेले. आम्ही पणत्यांसारख्या आहोत. पणती स्वस्त असते, हलवता येते आणि तिच्यावर दुसरी पणती लावता येते. पदवी घेतलेल्या एखाद्या तज्ज्ञाला आयुष्यभर जे सांगता येत नाही ते एका खेडूत बाईने चार वाक्यांत सांगितले, आणि ऐकायला जगभरचे तज्ज्ञ बसले होते.

आकडेही बोलतात. 1971 च्या सुमारास या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे 176 बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. नव्वदच्या दशकात ही संख्या पंचविसाच्या आसपास आली. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये लोकांच्या हातून चालणाऱ्या आरोग्यसेवेवर जो ग्रंथ काढला त्यात जामखेडचा प्रयोग आहे, आणि 1978 मध्ये अल्मा-आटा इथे जगातल्या राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला तेव्हा त्यामागे उभ्या असलेल्या मोजक्या अनुभवांत तो होता. 1979 चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळाला.

आता मूळ प्रश्न. यात श्रद्धा कुठे आली? हेच सगळे एखादा नास्तिक करू शकला नसता का? करू शकला असता, आणि महाराष्ट्रात अनेकांनी केले आहे. त्यांच्या कामासमोर मी नतमस्तक आहे. ख्रिस्ती माणसांखेरीज कुणाला हे जमत नाही, असा दावा माझ्या मनातही नाही. माझे म्हणणे ख्रिस्ती माणसापुरते आहे. जो ख्रिस्ती आहे त्याला हे टाळता येत नाही. कारण त्याच्या श्रद्धेच्या गाभ्यात एक असा देव आहे जो आपले देवपण धरून बसला नाही, दासाचे रूप घेऊन खाली आला, मरणाच्या आदल्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुवायला बसला. पेत्राने पाय मागे घेतले, कारण गुरूने असे खाली बसणे त्याला सहन होईना. आपल्यालाही ते सहन होत नाही. आपण येशूच्या राजेपणाची गाणी आनंदाने गातो आणि त्या रुमालाची आठवण वर्षातून एकदा, पवित्र गुरुवारी काढतो. वैद्यकीय ज्ञान ही डॉक्टरची सगळ्यात मोठी मिळकत, तीच त्याची सत्ता. ते ज्ञान निरक्षर बाईच्या ओटीत घालणे आणि मग गावाने डॉक्टरआधी तिच्याकडे जावे यात आनंद मानणे, हे पाय धुण्याच्या जातीचे काम आहे. ज्याला त्या रात्रीचा अर्थ खरोखर कळला तो हे अपवाद म्हणून करणार नाही, नेम म्हणून करील.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. ख्रिस्ती सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो, भुकेल्याला भाकर दाखवून त्याचा धर्म विकत घेतला जातो, असे आपल्याकडे दीडशे वर्षे म्हटले जात आहे. हे म्हणणारे सगळेच द्वेषातून म्हणत नाहीत. महाराष्ट्रात या वादाचे सगळ्यात मोठे प्रकरण घडले ते पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. विधवांना शिक्षण मिळेल आणि कुणाच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, या भरवशावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे सल्लागार झाली. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये ‘केसरी’ने रान उठवले, सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दोन्ही बाजूंचे म्हणणे मला समजते. आपल्या श्रद्धेपायी रमाबाईंनी दार लावून घ्यायला हवे होते, असे मला म्हणवत नाही. जी बाई रामायण-महाभारत आणि पुराणे पाठ असूनही, किंबहुना पाठ होती म्हणूनच, शास्त्रांनी स्त्रीला काय दिले असे विचारत निघाली होती, तिला नव्या श्रद्धेत मिळालेला आनंद लपवायला सांगणे अन्यायाचे होते. पण त्या मुलींचे अन्न, अंथरूण आणि भविष्य रमाबाईंच्या हातात होते हेही खरे आहे. ज्याच्या हाती आपली भाकर असते त्याच्या देवाला नाही म्हणणे कुणालाही अवघड जाते, पोरक्या विधवेला तर फारच. 1896-97 च्या आणि 1900 च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून शेकडो मुली मरणाच्या दारातून केडगावला आणल्या. त्यांच्यापुढे ही अडचण अधिकच तीव्र होती. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनने या मुलींना जगवले, विणकाम, शेती, छपाई शिकवली, आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन काढून त्यांना ब्रेल शिकवले. हे काम इतके विलक्षण आहे की त्यापुढे टीका खुजी दिसते. तरीही प्रश्न उरतोच, आणि तो ख्रिस्ती माणसानेच सगळ्यात मोठ्याने विचारावा असे मला वाटते, कारण त्याची श्रद्धा स्वेच्छेने दिलेल्या प्रतिसादावर उभी आहे. दबावाखालचा होकार ख्रिस्ताला दिलेला होकार होत नाही.

याचे उत्तर सेवा थांबवण्यात नाही आणि श्रद्धा लपवण्यातही नाही. सेवा घेणाऱ्याच्या हाती इतके बळ यावे की तो आपल्याला बिनधास्त नाही म्हणू शकेल, यात ते आहे. जामखेडची आरोग्यसेविका डॉक्टरांवर अवलंबून राहिली नाही, तिला गावाने निवडले आणि तिचे ज्ञान तिच्याजवळच राहिले. तिने आरोळे यांच्या देवाबद्दल काय ठरवायचे ते मोकळेपणाने ठरवावे इतकी ती स्वतंत्र झाली होती. शेवटच्या न्यायाच्या दृष्टांतात मेंढरे आणि शेरडे वेगळी केली जातात, तिथे एक गोष्ट आपण नेहमी ऐकूनही ऐकत नाही. उजवीकडे उभे असलेले लोक गोंधळून विचारतात की प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले? त्यांना माहीतच नव्हते. त्यांनी भुकेल्याला भुकेला म्हणून जेवू घातले होते, कुठल्याही पुढच्या हिशेबासाठी नाही. तो न्याय त्यांच्या न कळलेल्या निखळपणावर दिला गेला.

रमाबाईंच्याच आयुष्यात या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही आहे, जी मंडळ्यांत कमी सांगितली जाते. बाप्तिस्म्यानंतर इंग्लंडातल्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांना काय मानायचे आणि कुणाला शिकवायचे हे सांगायला सुरुवात केली तेव्हा रमाबाईंनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेल्या पत्रांत ठणकावून सांगितले की एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत जायला त्या आलेल्या नाहीत. 1897 मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते. त्याने त्यांच्या लेखणीत काही फरक पडला नाही. आणि शेवटी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळे बायबल साध्या मराठीत आणले, खेड्यातल्या बाईला कळेल असे. त्याचे खिळे जुळवणाऱ्या आणि छपाई करणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तेव्हा ते काम नुकतेच पुरे झाले होते. धर्मग्रंथ अभ्यासायचा अधिकार बाईला नाही, असे ऐकत ज्या देशात त्या वाढल्या तिथे त्यांनी ग्रंथ, यंत्र आणि अक्षरे बायांच्या हाती देऊन टाकली.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेही असेच. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येशूचे अनुयायी म्हणून एकत्र बसू शकत. परदेशी मिशनची चौकट त्यांनी सोडली, प्रभूला सोडले नाही. दोनच वर्षांनी ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण मराठी ख्रिस्ती मनाला त्यांनी जे दाखवले त्याची ओल अजून आहे.

आता आपल्या घराकडे. जगाला बदलायला निघालेल्या मंडळीने आधी आपल्या अंगणातला हापसा कुठे आहे ते पाहावे. महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकात आलेल्या महार आणि मांग कुटुंबांचा आहे. जातीतून सुटायला म्हणून ते आले. आजही ख्रिस्ती घरांत लग्न ठरवताना मूळ जात हळू आवाजात विचारली जाते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवले. शीख दलितांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये त्या मिळाल्या. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्धची मागणी न्याय्य आहे. पण न्यायालयात आम्ही अजूनही जातीचे चटके सोसतो म्हणणाऱ्या मंडळीला घरात आमच्याकडे जात नाही असे म्हणता येणार नाही. दोन्हींपैकी एक बोलणे सोडावे लागेल. शिवाय मिशनच्या जमिनी आणि इमारतींवरून मंडळीतच चाललेले कोर्टाचे तंटे आहेत. जिथे एकेकाळी गावचे पहिले इस्पितळ चालले तिथे आज कुलूप आणि खटल्याची तारीख आहे. विश्वस्त एकमेकांविरुद्ध शपथपत्रे देत असताना रविवारी त्याच प्रभूभोजनाच्या मेजाशी येतात. हे लिहिताना मन दुखते, पण न लिहिल्याने ते कुलूप निघणार नाही.

सेवेचा आणखी एक कस आहे आणि तिथे टाळ्या थांबतात. गरिबाला औषध देणाऱ्याला समाज संत म्हणतो. गरीब आजारी का पडतो, त्याची जमीन कुणी घेतली, पाणी कुठे गेले, असे विचारणाऱ्याला तोच समाज वेगळी नावे ठेवतो. वसईत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बांधकामासाठी हिरवा पट्टा खुला होऊ लागला, बावखले म्हणजे गोड्या पाण्याची तळी बुजू लागली, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो वेदीवरून उतरून रस्त्यावर आले आणि हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात उभे राहिले. आगरी, कुपारी, वाडवळ असे ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी त्यात एकत्र होते. ‘सुवार्ता’चे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक, 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, अशी त्यांची ओळख मराठी वाचकाला आहे. मला त्यांचे लेखन आणि त्यांची ती लढाई एकाच हाताने लिहिलेली वाटते. पृथ्वी परमेश्वराची आहे असे स्तोत्रांत म्हणायचे आणि ती बिल्डरला विकली जात असताना गप्प राहायचे, हे त्यांना जमले नाही. झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी आणि खटल्याविना तुरुंगात खितपत पडलेल्या त्यांच्या तरुणांसाठी आयुष्य वेचलेले येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 ला मुंबईत वयाच्या 84 व्या वर्षी वारले, तेव्हा ते स्वतःच कच्चे कैदी होते. अशा वाटेवरून सगळ्यांना जाता येणार नाही. पण ती वाट ख्रिस्ती जीवनाबाहेरची आहे, असे म्हणून मंडळ्यांनी हात झटकू नयेत. ज्याच्या मागे आपण जातो त्याचाही शेवट राज्यसत्तेच्या हातूनच झाला होता.

जामखेडच्या बायकांकडे पुन्हा येतो, कारण त्यांची गोष्ट अजून चालू आहे. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगावी ‘आशा’ नेमल्या, साधारण हजार लोकांमागे एक. या कल्पनेचे धागे जामखेडसारख्या प्रयोगांपर्यंत जातात. सरकारने सांगाडा उचलला. गावातली बाई, थोडे प्रशिक्षण, घरोघरी भेटी, बाळंतपण, लसीकरण. पण ज्या गोष्टीने तो प्रयोग जिवंत होता, त्या बाईला दिलेला मान, तो सरकारी आदेशातून पोहोचला नाही. तिला कामगार म्हटले गेले नाही, स्वयंसेविका म्हटले गेले. वेतन नाही, कामागणिक मोबदला. कोरोनाच्या काळात जिवावर उदार होऊन दारोदार फिरलेल्या या बायका 2024 च्या सुरुवातीला मोबदला वाढवून मागायला मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या, आपली पोरेबाळे मागे गावी ठेवून.

आझाद मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर मुंबईतली काही जुनी चर्चेस आहेत, दगडी, प्रशस्त, आवारात सावली आणि नळाला पाणी असलेली. राज्यभर ख्रिस्ती संस्थांची इस्पितळे, परिचर्या महाविद्यालये आणि समाजकार्याची केंद्रे आहेत, जिथे आरोग्य, कायदा, हिशेब जाणणारी माणसे बसतात. आशांना कामगाराचा दर्जा आणि ठरलेले वेतन मिळावे यासाठी निवेदन तयार करणे, त्यांच्या थकलेल्या मोबदल्याचा तालुकावार हिशेब ठेवायला मदत करणे, आंदोलनाच्या दिवसांत आवारातली स्वच्छतागृहे आणि झोपायची जागा खुली करणे, आणि आपल्याच इस्पितळांतल्या आया-मावशींना किमान वेतन मिळते का हे आधी तपासणे, यातले काहीही मंडळीच्या आवाक्याबाहेरचे नाही. पुढच्या धर्मप्रांतीय सभेच्या विषयपत्रिकेवर जागेच्या वादांच्या वर हा एक विषय घ्यावा, आणि त्यावर बोलायला पहिल्यांदा एखाद्या आशाताईला बोलवावे, मग ती कुठल्याही धर्माची असो.